ऑनलाइन बाजारपेठेत विक्रेत्यांची वाढती स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन माल विकणाऱ्यांचं गाऱ्हाणं हल्ली जवळपास एकच असतं. माल तोच, मेहनत तीच, पण ऑर्डरी घटल्या आणि हातात उरणारा पैसा तर त्याहून जास्त घटला. पुढचे प्रश्न लहान विक्रेते आणि या धंद्यात नव्याने उतरू पाहणारे लोक विचारतात. उत्तरं देताना एक गोष्ट सतत समोर ठेवली आहे. इथली चढाओढ वरवर भावाची दिसली तरी मुळात ती ग्राहकाच्या नजरेत येण्याची आहे, आणि नजरेत येण्याला पैसे पडतात. ते पैसे नेमके कुठून जातात हे ज्याला माहीत नाही, त्याची विक्री वाढली तरी तो अडचणीत येतो.

स्पर्धा खरंच वाढली आहे की जुन्या विक्रेत्यांना उगाच तसं वाटतं?

खरंच वाढली आहे. १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी लिलावाची एक साधी साइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. अशा ठिकाणी एकासारखी दुसरी वस्तू क्वचितच यायची, त्यामुळे चढाओढ व्हायची ती घेणाऱ्यांमध्ये. आज चित्र उलटं आहे. घेणारा निवांत बसलेला असतो आणि एकाच प्रकारची वस्तू घेऊन शेकडो विकणारे त्याच्यासमोर उभे असतात.

अॅमेझॉनने २००० सालच्या नोव्हेंबरात बाहेरच्या विक्रेत्यांना आपल्या मालाच्या शेजारी जागा दिली. जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१८ सालच्या पत्रात या बदलाचे आकडे आहेत. १९९९ मध्ये त्या साइटवरच्या वस्तूंच्या विक्रीत बाहेरच्या विक्रेत्यांचा वाटा ३ टक्के होता, २०१८ मध्ये तो ५८ टक्के झाला. म्हणजे दुकानदार मागे सरला आणि बाजार पुढे आला. चीनमध्ये ताओबाओ २००३ मध्ये सुरू झालं, हाताने घडवलेल्या वस्तूंसाठी एट्सी २००५ मध्ये. प्रत्येक ठिकाणी गोष्ट तीच घडली. सुरुवातीला आलेल्यांना मोकळं मैदान मिळालं, मागून येणाऱ्यांना गर्दी.

एवढे विक्रेते आले कुठून?

दार उघडं होतं म्हणून आले. दुकानाला जागा लागते, पागडी किंवा भाडं लागतं, नोकरमाणूस लागतो. ऑनलाइन खातं उघडायला कागदपत्रं, बँक खातं आणि थोडा माल पुरतो. २००६ मध्ये अॅमेझॉनने विक्रेत्याचा माल स्वतःच्या गोदामात ठेवून, पॅक करून पोचवण्याची सेवा सुरू केली आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. तोवर साठवण आणि पोचवणी ही मोठ्या व्यापाऱ्याची ताकद होती. ती भाड्याने मिळू लागल्यावर एकट्या माणसालाही दूरच्या ग्राहकापर्यंत जाता आलं.

यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं, ओळखी नव्हत्या, अशा कितीतरी लोकांना यातून पहिल्यांदा व्यापार करता आला. अडचण इतकीच की जे दार तुमच्यासाठी उघडलं ते तुमच्या मागून येणाऱ्यासाठीही उघडंच राहतं. आत शिरणं सोपं झालं की टिकणं अवघड होतं.

सगळ्यांकडे सारखाच माल का दिसतो?

कारण सगळे एकाच ठिकाणी पाहून माल निवडतात. कोणती वस्तू खपते हे आता गुपित नाही. सर्वाधिक विक्रीच्या याद्या उघड असतात, रिव्ह्यूंची संख्या दिसते, आणि विक्रीचा अंदाज सांगणारी सॉफ्टवेअरं महिन्याच्या वर्गणीवर मिळतात. ज्याला ज्याला 'मागणी जास्त, विक्रेते कमी' अशी वस्तू दिसते, तो तो तीच मागवतो. माल तयार होऊन पोचेपर्यंत काही आठवडे जातात, आणि तेवढ्यात विक्रेते कमी उरलेले नसतात.

त्यात पुरवठादारही बहुधा तेच. एकाच कारखान्यातला साचा, वर वेगवेगळे ब्रँड छापलेले. ग्राहकाला फरक दिसत नाही, कारण फरक नसतोच. मग तो किंमत आणि तारे पाहून बटण दाबतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

एकाच वस्तूच्या पानावर दहा विक्रेते असतील तर ऑर्डर कोणाला जाते?

बऱ्याच बाजारपेठांवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि खरेदीचं मुख्य बटण एका वेळी एकाच विक्रेत्याला मिळतं. सेलर लोक याला बाय बॉक्स म्हणतात. बाकीचे नऊजण 'इतर विक्रेते' या दुव्यामागे असतात आणि तिथवर फार थोडे ग्राहक जातात.

ते बटण कोणाला द्यायचं हे प्रणाली ठरवते. पोचवणीसकट एकूण किंमत, माल किती दिवसांत पोचतो, स्टॉक शिल्लक आहे का, ऑर्डरी रद्द होण्याचं आणि तक्रारींचं प्रमाण किती, अशा गोष्टी तिथे मोजल्या जातात. नेमकं सूत्र कोणी सांगत नाही. मात्र युरोपीय संघात जुलै २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार, क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर लागते हे प्लॅटफॉर्मना अटींमध्ये लिहावं लागतं. तुमच्या बाजारपेठेच्या अटींमध्ये असं कलम असेल तर ते शांतपणे वाचा. बहुतेक विक्रेते ते कधी उघडतही नाहीत.

स्वतःचा ब्रँड असलेल्या वस्तूच्या पानावर तुम्ही एकटेच असता, त्यामुळे ही मारामारी टळते. तिथली चढाओढ एक पायरी वर होते, शोधाच्या यादीत.

शोधाच्या यादीत वर येण्यासाठी काय करावं?

ग्राहक जो शब्द टाइप करतो तो तुमच्या शीर्षकात आणि वर्णनात हवा, ही पहिली अट. पण शब्दांनी फक्त यादीत नाव लागतं. वर चढवतो तो ग्राहकाचा प्रतिसाद: यादीत पाहिल्यावर किती जणांनी क्लिक केलं, त्यातल्या किती जणांनी घेतलं, घेतल्यावर किती जणांनी परत केलं. म्हणून शीर्षकात वीस शब्द कोंबण्यापेक्षा पहिला फोटो नीट काढणं जास्त कामाचं. मोबाइलच्या पडद्यावर तो फोटो बोटाच्या पेराएवढा दिसतो. तेवढ्यात वस्तू काय आहे आणि केवढी आहे हे कळतं का, हे आपल्याच फोनवर पाहा. विक्रेते आपली लिस्टिंग, म्हणजे वस्तूचं विक्रीचं पान, मोठ्या पडद्यावर तयार करतात आणि ग्राहक ती छोट्या पडद्यावर पाहतो, हे फार जण विसरतात.

जाहिरात न देता विक्री होऊ शकते का?

होऊ शकते, पण दरवर्षी ते कठीण होत चाललं आहे. शोधाच्या यादीत वरच्या बऱ्याच जागा आता स्पॉन्सर्ड, म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या, असतात. बाजारपेठांसाठी हा मोठा धंदा झाला आहे. अॅमेझॉनचं २०२३ सालचं जाहिरातींचं उत्पन्न सुमारे ४७ अब्ज डॉलर होतं. गर्दी जितकी वाढते तितकी वरच्या जागांची बोली चढते. विक्रेते एकमेकांशी झुंजतात आणि त्या झुंजीचा पैसा जागेच्या मालकाकडे जातो. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण विक्रेत्याचा राग समोरच्या विक्रेत्यावर असतो आणि खर्चाचा खड्डा भलतीकडे पडलेला असतो.

नव्या वस्तूला सुरुवातीला जाहिरात द्यावीच लागते, नाहीतर ती कोणाला दिसतच नाही. मात्र तीन गोष्टी पाळा. कोणत्या शब्दावर पैसे गेले आणि कोणत्या शब्दावर ऑर्डर आली याचा अहवाल दर आठवड्याला पाहा आणि नुसते क्लिक खाणारे शब्द बंद करा. जाहिरातीचा खर्च फक्त जाहिरातीतून आलेल्या विक्रीशी न जोडता एकूण विक्रीशी ताडून पाहा. आणि जाहिरात काही दिवस कमी करून विक्री किती घसरते ते तपासा. काही वेळा असं दिसतं की जे ग्राहक तसेही येणार होते त्यांच्यासाठीच आपण पैसे मोजत होतो.

समोरच्याने भाव पाडला. मीही पाडू का?

आधी कागद घ्या. एक लाकडी मोबाइल स्टँड आहे असं धरू, टेबलावर ठेवायचा. हिशेब सोपा जावा म्हणून विक्रीची किंमत १०० मानू आणि कर बाजूला ठेवू. वस्तू बनवायला ३०, कमिशन १५, पोचवणी आणि साठवण २०, पॅकिंग ५, जाहिरात सरासरी १०. बेरीज ८०. हातात २० उरले असं वाटतं, आणि बहुतेक जण हिशेब इथेच थांबवतात.

आता रिटर्न धरा. १०० ऑर्डरींतल्या ८ परत आल्या. उरलेल्या ९२ वर २० प्रमाणे १,८४० मिळाले. परत आलेल्या प्रत्येक ऑर्डरीवर जाताना २०, पॅकिंगचे ५, जाहिरातीचे १० आणि परतीची वाहतूक १५ असे ५० गेले. आठांचे ४००. त्यातले चार स्टँड ओरखडे पडल्यामुळे पुन्हा विकण्याजोगे राहिले नाहीत, त्यांचे १२०. एकूण तोटा ५२०. खरा नफा १,३२०. म्हणजे ऑर्डरीमागे २० नव्हेत, १३ च्या आसपास.

समोरच्याने भाव पाडला म्हणून तुम्हीही १० टक्के कमी केले. किंमत ९०, कमिशन साडेतेरा, बाकी खर्च जसेच्या तसे. एका विकलेल्या वस्तूमागे उरले साडेअकरा. ९२ वस्तूंचे १,०५८. रिटर्नचा ५२० चा तोटा तेवढाच राहतो. नफा ५३८.

किंमत दहा टक्क्यांनी उतरली आणि नफा निम्म्याहून खाली गेला. पूर्वीइतकेच पैसे हातात यायला जवळपास अडीचपट माल विकावा लागेल, अडीचपट पॅकिंग करावं लागेल, अडीचपट माल आधी विकत घेऊन ठेवावा लागेल. दहा टक्के सवलतीने मागणी अडीचपट होते का? क्वचितच. आणि तुम्ही उतरवल्यावर समोरचा गप्प बसेल असंही नाही.

म्हणून उत्तर असं. पडून राहिलेला माल मोकळा करायचा असेल, किंवा तुमचा खरेदीखर्च खरोखरच समोरच्यापेक्षा कमी असेल, तर भाव उतरवा. फक्त त्याने उतरवला म्हणून उतरवू नका. कदाचित त्याने हा हिशेब केलेलाच नसेल आणि तो काही महिन्यांत माल संपवून निघून जाईल. तोवर टिकून राहण्याइतकी रोकड हाताशी ठेवणं हे भाव पाडण्यापेक्षा शहाणपणाचं.

वरचे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या वस्तूचे आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील. प्रत्येक वस्तूसाठी असा एक कागद करा. पाच वस्तू असतील तर पाच कागद, सगळ्यांची मिळून सरासरी नको. सरासरीत तोट्यातली वस्तू नफ्यातल्या वस्तूच्या आड लपते.

आपोआप भाव बदलणारं सॉफ्टवेअर वापरावं का?

वापरा, पण खालची आणि वरची मर्यादा स्वतः घालून. २०११ मध्ये अॅमेझॉनवर माशीच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाची किंमत २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर गेली होती. दोन विक्रेत्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांकडे पाहून भाव लावत होती. एक समोरच्याच्या किंचित खाली राहायचं, ०.९९८३ पट. दुसरं समोरच्याच्या सुमारे १.२७ पट लावायचं. दोन्हींचा गुणाकार एकापेक्षा जास्त, त्यामुळे प्रत्येक फेरीत भाव वर चढत गेला आणि बरेच दिवस कोणा माणसाने पाहिलंच नाही. तिथे भाव आभाळाला भिडला म्हणून ती बातमी झाली. दोघंही 'एक पैसा खाली' या नियमावर चालत असतील तर भाव तळाला जातो, आणि त्याची बातमी होत नाही.

खालची मर्यादा वरच्या कागदावरून ठरवा. आणखी एक सावधगिरी: दुसऱ्या विक्रेत्याशी संगनमत करून सॉफ्टवेअरने भाव सारखे ठेवणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये पोस्टर विकणाऱ्या एका विक्रेत्याने नेमक्या अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला होता.

मी नवा आहे, एकही रिव्ह्यू नाही. जुन्यांसमोर माझा निभाव कसा लागणार?

नावाला किंमत असते, हे प्रयोगाने दाखवून दिलेलं आहे. ईबेवर जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारखाच माल आपल्या जुन्या खात्यावरून आणि काही नव्या खात्यांवरून विकून पाहिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुन्या खात्याला ग्राहक सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार असल्याचं दिसलं.

मला हा आकडा धीर देणारा वाटतो. जुन्या खात्याची सगळी पुण्याई मोजली तेव्हा ती आठ टक्के भरली, दुप्पट-तिप्पट नाही. अर्थात तो काळ आणि ती वस्तू वेगळी होती, आज क्रमवारी आणि जाहिरात यामुळे नव्याला दिसणंच कठीण असतं. तरीही सुरुवातीचे काही महिने नफा थोडा कमी धरायचा, माल वेळेवर पोचवायचा, प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हे केलं की अंतर कापता येतं. एकाच वेळी तीस वस्तू लावू नका. दोन-तीन लावा म्हणजे रिव्ह्यू विखुरणार नाहीत.

सगळेच रिव्ह्यू विकत घेतात म्हणे. मी मागे का राहू?

सगळे घेत नाहीत. आणि घेऊ नकाच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा (व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि त्यात दंडाची तरतूद आहे. भारतात २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणलं. पकडलं गेल्यावर खातं बंद होतं आणि खऱ्या ग्राहकांनी लिहिलेले चांगले शब्दही त्यासोबत जातात. शिवाय विकत घेतलेले पाच तारे पाहून जो ग्राहक येतो त्याची अपेक्षा वाढलेली असते, आणि तो निराश झाला की खरा एक तारा देतो.

माझे फोटो उचलून कोणीतरी तीच वस्तू विकतोय. काय करता येईल?

तक्रार करता येते, मात्र पुरावा तयार हवा. मूळ फोटो फोनमध्ये किंवा कॅमेऱ्यात जसेच्या तसे जपून ठेवा, तारखेसकट. ब्रँडचं नाव पुढे न्यायचं असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज लवकर करा, कारण बहुतेक बाजारपेठांवरची ब्रँड-संरक्षणाची सोय त्यावरच मिळते. वस्तूच्या आकारात खरोखर नवं काही असेल तर डिझाइनची नोंदणीही होते. पण ती बहुधा वस्तू बाजारात आणण्याआधी करावी लागते, आणि हे उशिरा कळून अनेकांचं नुकसान होतं.

तक्रार करताना रागाचं पत्र लिहू नका. नक्कल करणाऱ्याच्या पानाचा दुवा, तुमच्या मूळ फोटोचा दुवा, नोंदणीचा क्रमांक, आणि संशय असेल तर त्याच्याकडून एक वस्तू मागवून काढलेले फोटो, एवढंच द्या. समोर तक्रार वाचणाऱ्याकडे फार वेळ नसतो.

बाजारपेठ चालवणारी कंपनी स्वतःच तोच माल विकायला लागली तर?

ही भीती खोटी नाही. जो मैदान आखतो, धावसंख्या लिहितो आणि सर्वांच्या खेळाची नोंद ठेवतो, तोच बॅट घेऊन उतरला तर बाकीच्यांनी शंका घेणं साहजिक आहे. युरोपीय आयोगाने अॅमेझॉनची याच मुद्द्यावर चौकशी केली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने हमी दिली की विक्रेत्यांची उघड नसलेली माहिती स्वतःच्या किरकोळ विक्रीसाठी वापरणार नाही आणि खरेदीच्या बटणासाठी विक्रेत्यांना समान वागणूक देईल. अमेरिकेतही फेडरल ट्रेड कमिशन आणि अनेक राज्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दावा लावला. युरोपचा डिजिटल मार्केट्स अॅक्ट मोठ्या प्लॅटफॉर्मना मार्च २०२४ पासून बंधनकारक झाला आहे.

कायदे येत आहेत हे चांगलंच आहे, आणि विक्रेत्यांच्या संघटनांनी त्यासाठी आवाज उठवत राहिलं पाहिजे. पण कायद्याचा वेग आणि तुमच्या स्टॉकचा वेग यात फार अंतर आहे. कंपनीचा स्वतःचा ब्रँड बहुधा साध्या, प्रचंड खपाच्या वस्तूंत उतरतो: केबल, बॅटरी, बिनछापाचे कपडे. तिथे लहान विक्रेत्याने मुळातच जाऊ नये.

आता कारखानेच थेट ग्राहकाला विकतात. मधल्या माणसाची गरज उरली आहे का?

नुसता माल इकडून तिकडे करणाऱ्याची गरज झपाट्याने कमी होते आहे. टेमू हे चिनी कंपनीचं खरेदीचं अॅप सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि कारखान्यातून थेट घरी येणाऱ्या स्वस्त पार्सलांचा पूर आला. त्यामागे आयात शुल्काची सूटही होती. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिकेत शुल्क लागत नसे. चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी ती सूट मे २०२५ मध्ये आणि उरलेल्या देशांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. नियम असा बदलला की एका रात्रीत कोणाचा धंदा बसतो, कोणाचा उठतो.

पण कारखान्याला न जमणाऱ्या गोष्टी आहेत. ग्राहकाच्या भाषेत नीट समजावून सांगणं, लगेच बदलून देणं, सुटा भाग पाठवणं, दोन-तीन वस्तूंचा उपयोगी संच बनवणं, थोड्याच लोकांना हवी असलेली वस्तू आणणं. मधला माणूस यातलं काही करत असेल तर त्याला जागा आहे.

'वेगळेपण आणा' असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

सल्ला बरोबर आहे, पण तो देणारे तिथेच थांबतात. एक काम सांगतो, त्याला पैसे लागत नाहीत. तुम्हाला जी वस्तू विकायची आहे त्या प्रकारातल्या पहिल्या दहा लिस्टिंगचे फक्त एक आणि दोन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा आणि तक्रारी वहीत लिहा.

त्याच मोबाइल स्टँडचं घेऊ. वाचत गेलं की अशा तक्रारी दिसतील: 'कव्हर काढल्याशिवाय फोन बसत नाही.' 'उभा ठेवला तर चार्जिंगची वायर लावता येत नाही.' 'गुळगुळीत टेबलावर सरकतो.' 'फोटोत मोठा वाटला, हातात आला तेव्हा खेळण्याएवढा.' आता सुताराकडे किंवा कारखान्याकडे जाऊन खाच तीन-चार मिलिमीटर रुंद करायची, खाली वायरीसाठी भोक ठेवायचं, तळाला रबराचे चार ठिपके चिकटवायचे. खर्च फार वाढत नाही. पहिल्या फोटोत जाड कव्हर घातलेला फोन ठेवायचा, दुसऱ्यात वायर लावलेली दाखवायची, तिसऱ्यात शेजारी पेन ठेवून आकार स्पष्ट करायचा.

या चार बदलांनी रिटर्न आठांवरून चारांवर आले तर वरच्या हिशेबात काय होतं पाहा. विकल्या गेलेल्या ९६ वस्तूंचे १,९२०. रिटर्नचा तोटा निम्मा, २६०. नफा १,६६०. भाव एका पैशानेही न हलवता नफा पाव हिश्श्याने वाढला, त्यातून रबराच्या ठिपक्यांचे पैसे वजा करा. ग्राहक खूश, रिव्ह्यू चांगले, त्यामुळे क्रमवारी वर. समोरचा भाव पाडत बसला असताना तुम्ही वस्तू सुधारलीत.

हे कोणी नक्कल करणार नाही का? करेल. पण ती होईपर्यंत तुमचे रिव्ह्यू जमलेले असतील आणि वहीत पुढची तक्रार लिहिलेली असेल.

एकाच बाजारपेठेवर राहावं की चार ठिकाणी विकावं?

सुरुवातीला एकाच ठिकाणी, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम, फी आणि स्टॉकची नोंद सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे. घडी बसली की दुसरं ठिकाण जोडा. फी कधी वाढेल हे तुमच्या हातात नसतं. एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये व्यवहाराची फी ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेली तेव्हा हजारो विक्रेत्यांनी निषेध म्हणून आपली दुकानं आठवडाभर बंद ठेवली. फी तरीही वाढली. ज्यांची सगळी विक्री तिथेच होती त्यांना ती निमूट भरावी लागली.

स्वतःची साइट काढायची असेल तर जरूर काढा. तिथे कमिशन नाही, पण ग्राहक आपणहून येत नाही, त्याला आणायचा खर्च तुमचाच असतो.

अचानक खातं बंद झालं तर?

खरेदीची बिलं, पुरवठादाराचा पत्ता, मालाची प्रमाणपत्रं आणि पोचवणीच्या पावत्या एका फोल्डरमध्ये आधीपासून ठेवा. अपिलात काय घडलं, का घडलं आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केलं, हे तीन परिच्छेदांत लिहा. आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम त्या बाजारपेठेच्या शिल्लकीत न ठेवता बँकेत ठेवा, कारण खातं थांबलं की बहुधा पैसेही थांबतात.

या स्पर्धेत ग्राहकाचा तरी फायदा होतो का?

भाव आणि निवड या बाबतीत होतो. पण एका मर्यादेपलीकडे तो उलटतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच मांडलं होतं की चांगला आणि वाईट माल ग्राहकाला वेगळा ओळखता येत नसेल तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो, त्या भावात चांगला माल परवडत नाही, आणि चांगला विक्रेता बाजार सोडतो. त्यांनी उदाहरण जुन्या मोटारींचं घेतलं होतं. सारखे फोटो आणि सारखी वर्णनं असलेल्या ऑनलाइन यादीला ते तितकंच लागू पडतं. म्हणून खरे रिव्ह्यू जपणं हे विक्रेत्याच्याही हिताचं आहे.

एखादी वस्तू विकणं कधी थांबवावं?

वरचा कागद सलग तीन महिने भरा. जाहिरात आणि रिटर्न धरून वस्तू तिन्ही महिने तोट्यात असेल, आणि वहीतल्या तक्रारींपैकी सुधारता येण्याजोगं काही उरलं नसेल, तर नवा माल मागवू नका. शिल्लक माल खरेदीच्या भावाने किंवा थोडा खाली काढून टाका. भाव पाडायला हीच योग्य वेळ. 'इतके पैसे घातलेत, आता कसं सोडू' हा विचार अडवतो, पण गेलेले पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच असतात. गोदामाचं भाडं मात्र दर महिन्याला नव्याने लागतं. मोकळे झालेले पैसे आधी नफ्यात असलेल्या वस्तूचा स्टॉक पुरेसा आहे का हे पाहून तिथे लावा. चालणारी वस्तू स्टॉकअभावी काही दिवस बंद पडली तर क्रमवारीत जे स्थान जातं ते परत मिळवायला पुन्हा जाहिरातीचा खर्च करावा लागतो.